करंगळी आणि दूरचा भूकंप : ज्ञानोदयकाळातल्या माणसांसोबत आजच्या बातम्या वाचताना

ओंजळ

२०२३ च्या सुरुवातीला मी बातम्या बघणं सोडायच्या बेतात होते. तुर्कस्तान आणि सीरियातल्या भूकंपाचे ते दिवस. झोपायच्या आधी फोन हातात घ्यायचा, ढिगाऱ्यातून बाहेर काढलेलं एक मूल बघायचं, मग दुसरं, मग तिसरं. गळा दाटून यायचा. आणि फोन बाजूला ठेवल्यावर पाच मिनिटांत मी गाढ झोपलेली असायचे. एवढं बघून झोप लागते तरी कशी, हा प्रश्न मला आतून खात होता.

नेमका त्याच सुमारास अ‍ॅडम स्मिथचा एक उतारा वाचनात आला. स्मिथ म्हटला की आपल्याला बाजार आठवतो आणि १७७६ साल आठवतं. पण त्याच्या सतरा वर्षं आधी, १७५९ मध्ये, त्याने माणसाच्या नैतिक भावनांवर एक ग्रंथ लिहिला होता. त्यात तो म्हणतो, समजा चीनचं अवघं साम्राज्य भूकंपाने गिळलं आणि ही बातमी युरोपातल्या एखाद्या भल्या माणसाच्या कानावर गेली. तो हळहळेल. माणसाचं आयुष्य किती क्षणभंगुर, असं चार शब्द बोलेल. युरोपच्या व्यापारावर याचा काय परिणाम होईल, याचाही अंदाज बांधेल. आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात आपल्या कामाला लागेल. त्याच माणसाला सांगा, उद्या तुझी करंगळी कापणार आहेत. रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही.

हा तर माझाच पंचनामा होता, तोही भूकंपाचंच उदाहरण घेऊन.

पण स्मिथ तिथे थांबत नाही, आणि म्हणूनच तो मला जवळचा वाटला. तो पुढे विचारतो, ती करंगळी वाचावी म्हणून हा माणूस ते कोट्यवधी न पाहिलेले जीव जाऊ देईल का? नाही. नुसत्या कल्पनेने त्याच्या अंगावर काटा येईल. मग भावना इतक्या आपल्यापुरत्या असताना त्याला अडवतं कोण? स्मिथचं उत्तर आहे विवेक, छातीच्या आत बसलेला न्यायाधीश. तो बजावतो की या गर्दीतला तू एक आहेस, कुणापेक्षाही जास्त नाहीस. दूरच्या माणसासाठी रडू टिकत नाही म्हणून आपण दगड ठरत नाही. मात्र रडण्यावर भिस्त ठेवून भागत नाही, डोकं चालवावं लागतं.

तेव्हापासून एक वही केली आहे. डाव्या पानावर बातमी, दोन-तीन ओळींत. उजव्या पानावर एकच प्रश्न, त्या काळातल्या कुणीतरी विचारलेला. उत्तर सापडलं तर लिहायचं, नाहीतर जागा कोरी ठेवायची.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. एनलायटनमेंट, म्हणजे अठराव्या शतकातला युरोपचा ज्ञानोदय, म्हटलं की आपण सुविचार गोळा करतो: स्वातंत्र्य, सहिष्णुता, विवेक. भिंतीवर लावायला ते छान दिसतात. पण ही माणसं आधी बातम्या वाचणारी होती. त्यांचं कितीतरी उत्तम लेखन एखादी बातमी घशाखाली उतरेना म्हणून झालेलं आहे. त्यांची उत्तरं अनेकदा चुकली, काही वेळा भयंकर चुकली. प्रश्न मात्र अजून तितकेच धारदार आहेत. म्हणून त्यांचे प्रश्न घ्यावेत.

पहिली नोंद त्या भूकंपाचीच आहे, पण तिच्याकडे जाण्यासाठी लिस्बनला जावं लागतं. १ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे. सकाळी साडेनऊनंतर, चर्चेस गच्च भरलेली असताना जमीन हलली. वाचलेले लोक नदीकाठी मोकळ्या जागेत धावले, तर समुद्र आत घुसला. मागे शहर कित्येक दिवस जळत राहिलं. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने यावर कविता लिहिली. जे घडतं ते शेवटी भल्यासाठीच, असं सांगणाऱ्या तत्त्वज्ञांना त्याने विचारलं, आईच्या कुशीत चिरडलेल्या या बाळांनी कोणता गुन्हा केला होता? लंडन आणि पॅरिसमध्ये पाप कमी होतं का? आजही कुठल्याही आपत्तीनंतर कुणीतरी उठून हा कोप आहे, ही शिक्षा आहे असं म्हणतोच. व्हॉल्तेरची ती ओळ तेव्हा आठवावी.

पण खरी ठिणगी पडली ती तत्त्वज्ञ रूसोच्या पत्रात. १८ ऑगस्ट १७५६ ला त्याने व्हॉल्तेरला लिहिलं की तिथे सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं काही निसर्गाने उभी केली नव्हती. लोक विखरून, लहान घरांत राहत असते तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं. आणि किती जण कपडे घ्यायला, कागदपत्रं घ्यायला, पैसे घ्यायला माघारी वळले आणि तिथेच संपले! त्याच पत्रात तो असंही म्हणतो की ओसाड माळरानावरही भूकंप होतात, पण शहरातल्या सभ्य लोकांचं त्यात काही बिघडत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. कोणती बातमी आपल्यापर्यंत पोचते आणि कोणती नाही, हा प्रश्न इतक्या आधी, इतक्या स्वच्छपणे विचारलेला आहे.

आता माझं डावं पान. ६ फेब्रुवारी २०२३. पहाटे ७.८ तीव्रतेचा धक्का, काही तासांनी ७.५ चा दुसरा. दोन्ही देशांत मिळून पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. उजव्या पानावर रूसोचा प्रश्न: ही घरं कुणी बांधली? या प्रश्नाचा माग काढत गेले तेव्हा २०१८ ची एक गोष्ट समोर आली. त्या वर्षीच्या निवडणुकीच्या तोंडावर तुर्कस्तानात बेकायदा बांधकामांना पैसे भरून माफी देण्याची योजना आली. पैसे भरा, दाखला घ्या. इमारत भूकंपात टिकेल की नाही याची जबाबदारी कायद्यानेच मालकावर टाकलेली. भूकंपानंतर कंत्राटदारांची धरपकड झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण माफीच्या कागदावर शिक्का मारणारा हात त्या बातम्यांमध्ये फारसा दिसला नाही.

लिस्बनचीच अजून एक गोष्ट मला फार भावते. पंतप्रधान पोंबालने पोर्तुगालमधल्या सगळ्या पॅरिशना, म्हणजे चर्चच्या प्रत्येक हद्दीला, एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वाजता बसला, किती वेळ टिकला? किती घरं पडली, किती माणसं मेली? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? विहिरी-झऱ्यांचं काय झालं? आग लागली का, किती दिवस चालली? हे का घडलं याचा निवाडा पाद्र्याकडे मागितलेला नाही. त्याच्याकडून हवं आहे ते त्याने पाहिलेलं. त्याच सुमारास जर्मनीच्या पूर्व टोकाला बसलेला तरुण कान्ट भूकंपाची कारणं शोधत निबंध लिहीत होता. जमिनीखालच्या पोकळ्यांतल्या वायूंबद्दलचं त्याचं अनुमान चुकीचं निघालं. पण कारण जमिनीत शोधायचं, पापात नाही, ही त्याची दिशा बरोबर होती.

तुमच्या डोक्यात भुंग्यासारखी फिरणारी बातमी कोणती? तिच्यासमोर तुम्ही कुणाला बसवाल?

निळी शाई

ओंजळताई, लिहिलंय सुंदर. वहीची कल्पना मी उचलणार आहे. पण मनातलं बोलल्याशिवाय राहवत नाही.

या मंडळींच्या चष्म्यातून जग बघायचं म्हणजे अर्धं जग ज्यांनी चष्म्याबाहेर ठेवलं त्यांच्याच नजरेने बघायचं. स्वातंत्र्य हा नैसर्गिक हक्क आहे असं लिहिणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते. ह्यूमची कृष्णवर्णीयांबद्दलची ती कुप्रसिद्ध तळटीप वाचली की पुस्तक मिटावंसं वाटतं. व्हॉल्तेर तर रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिचा एवढा भक्त की तिच्या लढायांचंही त्याने कौतुक केलं. याच कॅथरीनने १७७५ मध्ये झापोरिझियाच्या कोसॅक लोकांचा बालेकिल्ला मोडला आणि १७८३ मध्ये क्रिमिया गिळला. डिसेंबर २०२२ मध्ये युक्रेनमधल्या ओडेसाच्या लोकांनी तिचा पुतळा उतरवला, ही बातमी व्हॉल्तेरने कशी वाचली असती?

आणि हैती! फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची शाई वाळली नव्हती तेव्हा फ्रान्सच्याच या वसाहतीत साखरेच्या मळ्यांत लाखो माणसं साखळदंडांत होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, याहून वेगळं काय होतं हे?

ओंजळ

निळी शाई, तुमचा एकही शब्द खोडून काढायचा नाही. उलट हैतीचं पान माझ्या वहीत आहे, ते इथे उतरवते.

डावं पान: १७ एप्रिल २०२५. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी फ्रान्स आणि हैतीच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमणार असल्याचं जाहीर केलं. तारीख मुद्दाम निवडलेली. १७ एप्रिल १८२५ ला राजा दहाव्या चार्ल्सने हैतीला स्वातंत्र्याची मान्यता देऊ केली, पण १५ कोटी फ्रँक मोजल्यावर. भरपाई कुणाला? ज्यांचे मळे आणि ज्यांची ‘मालमत्ता’ गेली त्या माजी मालकांना. त्या मालमत्तेत माणसं होती. हा हुकूम युद्धनौकांच्या ताफ्यासोबत पाठवला होता. पुढे १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण हैतीला पहिल्या हप्त्यासाठीच फ्रान्समध्ये कर्ज काढावं लागलं होतं. या साऱ्या कर्जाची शेवटची फेड व्हायला १९४७ उजाडलं. आज हैतीची बातमी येते ती टोळ्यांची, जळणाऱ्या वस्त्यांची. या पंधरा कोटी सुस्काऱ्यांचा हिशेब त्या बातमीत कधी नसतो.

उजव्या पानावर मी प्रश्न लिहिला: जे जन्मतःच माझं आहे ते मी विकत कसं घेऊ? हा प्रश्न त्या काळच्याच विचारातून निघतो. पण तो पूर्णपणे विचारला कुणी? ज्यांना त्या जाहीरनाम्यातून वगळलं होतं त्यांनी. ऑगस्ट १७९१ मध्ये सँ-दोमँगचे, म्हणजे तेव्हाच्या हैतीचे, गुलाम उठले, आणि १ जानेवारी १८०४ ला त्यांनी देश स्वतंत्र केला. माणसांना हक्क आहेत हे वाक्य त्यांनी पॅरिसमधल्या लेखकांपेक्षा जास्त गंभीरपणे घेतलं. त्यांना मी ज्ञानोदयाच्या बाहेरचे मानत नाही. माझ्या लेखी ते त्याचे सर्वांत खरे वाचक आहेत.

आणि आतूनही काही आवाज होते, हे नोंदवते, कुणाची बाजू सावरायला नव्हे. रेनालच्या वसाहतींवरच्या मोठ्या ग्रंथात दिदरोने स्वतःचं नाव न घालता गुलामगिरीवर जळजळीत मजकूर लिहिला. कान्टने आधी वंशांची जी उतरंड लावली ती वाचवत नाही. पण १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर लिहिताना त्यानेच म्हटलं की व्यापारी राष्ट्रं दुसऱ्यांच्या भूमीवर गेली तेव्हा तिथल्या रहिवाशांना त्यांनी शून्य धरलं, आणि साखरेची बेटं म्हणजे अत्यंत क्रूर गुलामगिरीचं आगर.

व्हॉल्तेर आणि कॅथरीनबद्दल मात्र माझ्याकडे काहीच बचाव नाही. सत्तेने मान दिला की भल्याभल्यांची नजर मंदावते.

काजवा

माझी बातमी ३ डिसेंबर २०२४ ची. दक्षिण कोरिया. समोर बसवणार फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूला.

रात्री साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून टीव्हीवर आले आणि त्यांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेचं कामकाज, राजकीय सभा, सगळं बंद. हेलिकॉप्टरमधून सैनिक संसदेच्या आवारात उतरले. फाटकांवर पोलीस. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत शिरत होते. विरोधी पक्षनेत्याने तर कुंपण चढताना थेट प्रक्षेपण केलं, लोकांना या म्हणून सांगत. सभापतींचं वय सदुसष्ट, तेही कुंपण चढून आत गेले. आत कर्मचाऱ्यांनी सोफे-टेबलं दारांना लावली, सैनिक आत येऊ लागले तसे अग्निशामक नळकांडी फवारली.

आणि मग ते दृश्य, जे मी पुन्हा पुन्हा बघितलं. सभागृहात खासदार ओरडताहेत, लवकर मत घ्या, ते आत येताहेत. सभापती मात्र कार्यपद्धती सोडायला तयार नाहीत. उद्या कुणी हा ठराव सदोष म्हणून फेटाळू नये, म्हणून. रात्री एकच्या सुमारास मतदान झालं. ३०० पैकी १९० जण पोचले होते आणि १९० मतं ठरावाच्या बाजूने पडली. त्यांत सत्ताधारी पक्षाचे १८ होते. संसदेने बहुमताने मागणी केली तर अध्यक्षाने लष्करी कायदा उठवलाच पाहिजे, असं तिथल्या घटनेच्या ७७ व्या कलमात लिहिलं आहे. पहाटे साडेचारच्या सुमारास तो उठला. ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी अध्यक्षांना पदावरून दूर केलं.

माँतेस्क्यू १७४८ मध्ये लिहून गेला की सत्ता ज्याच्या हाती येते तो ती वापरत वापरत जिथे अडतो तिथपर्यंत जातोच, म्हणून मांडणीच अशी हवी की सत्तेनेच सत्तेला अडवावं. आपल्याकडे म्हणतात कुंपणच शेत खातं. त्याचा सगळा विचार हाच, की कुंपणावर दुसरं कुंपण कसं घालायचं.

पण त्या रात्रीने मला अजून एक गोष्ट दाखवली. ७७ वं कलम स्वतः चालत सभागृहात येत नाही. थंडीत रस्त्यावर उतरलेली माणसं, हात उगारायला कचरणारे सैनिक, कुंपण चढणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस, हे नसते तर ते कलम कागदावर राहिलं असतं. प्रजासत्ताक चालतं ते नागरी सद्गुणावर, हेही माँतेस्क्यूचंच म्हणणं. ते वाक्य आपण विसरतो आणि सत्ताविभाजनाची आकृती तेवढी पाठ करतो.

तिसरा प्रहर

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण सगळे एकाच सुरात बोलायला लागले की अस्वस्थ होतं.

एल साल्वादोर घ्या. एकेकाळी जगातल्या सर्वांत रक्तरंजित देशांपैकी एक. २०१५ मध्ये लाखामागे शंभरावर खून. दुकानदाराने टोळीला खंडणी द्यायची, बस चालकाने द्यायची, मुलाने चुकून पलीकडच्या टोळीच्या गल्लीत पाऊल टाकलं तर जीव गमवायचा. मार्च २०२२ मध्ये एका शनिवार-रविवारच्या आसपास ८७ खून पडले. अध्यक्ष बुकेले यांच्या सरकारने आणीबाणी लावली, ऐंशी हजारांवर माणसं आत टाकली, चाळीस हजार कैद्यांचा तुरुंग बांधला. २०२४ मध्ये सरकारी आकड्यानुसार लाखामागे खून १.९.

आता ज्या आईचं मूल संध्याकाळी सुखरूप घरी येतं तिच्यासमोर तुमचा कुठला विचारवंत उभा राहील? मला विचाराल तर मी त्यांच्याही आधीच्या हॉब्जला बोलावेन. जीवच सुरक्षित नसेल तर बाकीचे हक्क घेऊन काय करायचं? बळी तो कान पिळी असं राज्य दोन पिढ्या भोगलेल्या लोकांनी त्या माणसाला प्रचंड मतांनी पुन्हा निवडून दिलं. ते काही मूर्ख नाहीत.

ओंजळ

तिसरा प्रहर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ती आई माझ्याही डोळ्यांसमोर आहे. हे पान मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

मी चेझारे बेकारियाला बोलावलं. मिलानचा, १७६४ मध्ये पुस्तक आलं तेव्हा अवघा २६ वर्षांचा, आणि भीतीपोटी नाव न घालता छापलेलं. त्याच्या काळात चाकावर हाडं मोडत, कबुलीसाठी यातना देत. त्याने अत्यंत थंड डोक्याने विचारलं, याने गुन्हे थांबतात का? शिक्षेचा कठोरपणा नव्हे, तिची खात्री माणसाला रोखते, असं त्याचं म्हणणं. सौम्य पण अटळ शिक्षा ही भयंकर पण टळू शकणाऱ्या शिक्षेपेक्षा जास्त धाक घालते.

आता प्रामाणिकपणे बघितलं तर इथे तुमचा मुद्दा त्याच्यावर उलटतो. एल साल्वादोरमध्ये आधी शिक्षा जवळजवळ होतच नव्हती. टोळीवाल्याला खात्री होती ती सुटण्याची. ती खात्री मोडली, आणि खून घटले. बेकारियाचं निम्मं सूत्र तिथे खरं ठरलं असं मी मान्य करते.

पण उरलेलं निम्मं? न्यायाधीशाने निकाल देईपर्यंत कुणालाही गुन्हेगार म्हणता येत नाही, हे त्याचं दुसरं वाक्य. तिथे सुक्याबरोबर ओलंही जळतंय. निरपराध म्हणून हजारो लोकांना सोडल्याचं सरकारनेच सांगितलं आहे. म्हणजे आधी आत टाकलं, मग तपासलं. शेकडो आरोपींचे एकत्रित खटले. अशा खटल्यात आठशेव्या आरोपीची आईही कुठेतरी बसलेली असते. मुलाची वाट बघणाऱ्या दोन आया आहेत, आणि बातमीच्या चित्रात एकच दिसते.

हॉब्जला मी हाकलत नाही. पण त्याच्यानंतर लॉकने विचारलेला प्रश्न त्याच्यासमोर ठेवते: कोल्ह्याच्या भीतीने सिंहाच्या गुहेत आसरा घ्यायचा का?

काजवा

तिसरा प्रहर यांना फक्त घटनाक्रम दाखवतो. मे २०२१ मध्ये तिथल्या संसदेने घटनापीठाचे न्यायाधीश आणि महाधिवक्ता काढून टाकले. आणीबाणी आली मार्च २०२२ मध्ये. लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष व्हायला घटनेत मनाई होती, नव्या न्यायाधीशांनी ती वाट मोकळी केली आणि २०२४ मध्ये बुकेले पुन्हा निवडून आले. जुलै २०२५ मध्ये संसदेने अध्यक्षाला कितीही वेळा निवडून येण्याची मुभा दिली.

म्हणजे कुंपणं खून वाढण्याच्या त्या आठवड्याआधीच काढायला घेतली होती.

तिसरा प्रहर

न्यायाधीशांची तारीख आणीबाणीच्या आधीची आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं. ते खटकतंय, कबूल. पण आईचा प्रश्न अजून जागेवरच आहे. उद्या आणीबाणी उठली आणि टोळ्या परत आल्या तर जबाबदार कोण, याचं उत्तर बेकारियाकडे नाही.

ओंजळ

नाही. त्या पानाच्या तळाशी मी जागा कोरी ठेवली आहे.

मधली सुट्टी

छोटीशी शंका. तुझं म्हणणं मला पटत नाही पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन, हे व्हॉल्तेरचं वाक्य अजून कुणी कसं आणलं नाही? कुठल्याही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बातमीखाली ते हमखास असतं.

निळी शाई

कारण ते त्याचं नाही. एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ मध्ये त्याच्यावर लिहिताना त्याची वृत्ती सांगायला ते वाक्य रचलं.

व्हॉल्तेरने काय केलं ते वाक्यापेक्षा मोठं आहे. तुलूझमध्ये जाँ कालास नावाचा प्रॉटेस्टंट व्यापारी. ऑक्टोबर १७६१ मध्ये त्याचा मुलगा दुकानात मृत सापडला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापाने मारला, अशी आवई उठली. १० मार्च १७६२ ला कालासला चाकावर मोडून मारलं, आणि शेवटपर्यंत तो निरपराध असल्याचं सांगत होता. व्हॉल्तेरने तीन वर्षं पत्रं लिहिली, पुरावे गोळा केले, विधवेला पॅरिसला पोचवलं, ओळखीपाळखी वापरल्या. ९ मार्च १७६५ ला निकाल फिरला. जानेवारी २०१५ मध्ये शार्ली एब्दो या व्यंगसाप्ताहिकावर हल्ला झाला, बारा जण मारले गेले, तेव्हा फ्रान्समध्ये लोकांनी पुन्हा विकत घेतलं ते याच प्रकरणातून जन्मलेलं त्याचं सहिष्णुतेवरचं पुस्तक. आधी कॅथरीनवरून मी त्याला धारेवर धरलं, पण कालासच्या बाबतीत त्याच्यासमोर हात जोडते.

आता माझी बातमी. कान्टचं गाव क्योनिग्सबर्ग आज रशियाचं कालिनिनग्राद आहे. २२ एप्रिल २०२४ ला त्याच्या जन्माला ३०० वर्षं झाली. त्याआधी फेब्रुवारीत तिथल्या गव्हर्नरांनी जाहीरपणे म्हटलं की युक्रेनच्या युद्धाशी कान्टचा थेट संबंध आहे, म्हणजे दोष त्याच्या माथी. दुसरीकडे पुतीन यांनी आजवर त्याचं अनेकदा कौतुक केलेलं. एप्रिलमध्ये जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्झ म्हणाले की पुतीन यांना कान्टवर हक्क सांगता येणार नाही. एका मेलेल्या तत्त्वज्ञाची अशी ओढाताण!

त्यापेक्षा १७९५ चं ते छोटं पुस्तक उघडावं. प्रशिया आणि फ्रान्सचा बाझेलचा तह त्याच वर्षी झाला होता, म्हणजे हेसुद्धा बातमीतूनच आलेलं लेखन. त्यातली पहिलीच अट: मनात पुढच्या युद्धाची सोय ठेवून केलेला तह हा तह नव्हे, ती फक्त विश्रांती. दुसरी: कुठलंही स्वतंत्र राज्य वारसा, अदलाबदल, खरेदी किंवा बक्षीस म्हणून दुसऱ्याला घेता येणार नाही, कारण राज्य म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, माणसांचा समाज आहे. या दोन अटी आज कुठल्याही शस्त्रसंधीच्या बोलण्यांसमोर ठेवा. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याची हमी कागदावर दिली गेली, युक्रेनने अण्वस्त्रं सोडली. किंवा ग्रीनलंड विकत घ्यायची भाषा घ्या, २०१९ ची आणि पुन्हा २०२५ ची. तिथे राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं, हा कान्टचा दुसरा मुद्दा.

त्याच पुस्तकात तो म्हणतो की राजांनी तत्त्वज्ञ व्हावं अशी अपेक्षा नाही, तसं व्हावंही नये, कारण सत्ता हाती आली की निर्णयबुद्धी बिघडते. तत्त्वज्ञांना मोकळेपणी बोलू द्या, एवढं पुरे. व्हॉल्तेर-कॅथरीन प्रकरणाचं उत्तर मला इथे मिळालं.

पाटीपेन्सिल

उशिरा आले. कान्टचाच, पण १७८४ चा निबंध आठवला, ज्ञानोदय म्हणजे काय या प्रश्नाचं उत्तर देणारा. त्यात तो म्हणतो, अल्पवयीन राहणं किती सोयीचं आहे! माझ्या जागी समजून घेणारं पुस्तक आहे, माझ्या जागी सदसद्विवेक बाळगणारा धर्मगुरू आहे, माझं पथ्य ठरवणारा वैद्य आहे, मग मी कशाला त्रास घेऊ? पैसे मोजले की झालं.

मी शिकवते. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना एका युद्धाच्या बातमीवर स्वतःचं मत लिहायला सांगितलं. बरीच उत्तरं चॅटबॉटकडून आलेली, सफाईदार, दोन्ही बाजू सांगणारी, आणि कुणाचीच नसलेली. एका मुलीने मात्र अर्धं पान लिहिलं होतं, खाडाखोड केलेलं. शेवटी लिहिलं होतं: मला अजून ठरवता येत नाही, पण मी दोन्ही देशांचे नकाशे बघते आहे. त्या यंत्रांचा मला राग नाही, मीही वापरते. पण ते अर्धं पान मी जपून ठेवलं आहे.

ओंजळ

पाटीपेन्सिल, त्या मुलीला माझ्याकडून एक कोरी वही द्या.

जाता जाता एक पान, जे दरवर्षी पुन्हा लिहावं लागतं.

१७९१ मध्ये तालेराँने फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेसमोर सार्वजनिक शिक्षणाची योजना मांडली. क्रांतीच्या ऐन भरातली योजना. त्यात मुलींना शाळा वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पुढे घर. मेरी वोल्स्टनक्राफ्टने पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांवरचं आपलं पुस्तक याच तालेराँला अर्पण केलं. आणि अर्पणपत्रिकेतच विचारलं: बुद्धीची देणगी बाईलाही मिळालेली असेल, तर एकट्या पुरुषाला न्यायाधीश कुणी नेमलं?

२३ मार्च २०२२ ला अफगाणिस्तानात मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार होत्या. तसं जाहीर झालं होतं. मुली गणवेश घालून, दप्तरं घेऊन पोचल्या. काही वर्गांत बसल्याही. काही तासांत तालिबानचा आदेश आला, सहावीच्या पुढच्या मुलींनी घरी जावं. दप्तर छातीशी धरून फाटकातून बाहेर पडणाऱ्या, रडणाऱ्या मुलींची चित्रं तेव्हा जगभर दिसली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. नंतर ही बातमी मागच्या पानावर गेली आणि मग पानावरूनच गेली.

२३ मार्च २०२३, २३ मार्च २०२४, २३ मार्च २०२५. तिन्ही डाव्या पानांवर एकच ओळ आहे: शाळा बंद. उजवीकडे तिन्ही वेळा वोल्स्टनक्राफ्टचा प्रश्न. पहिल्या वर्षी ज्या मुली सातवीत बसायला आल्या होत्या त्या २०२५ मध्ये दहावी संपवत असत्या. पुढच्या मार्चचं पान मी आखून ठेवलं आहे.